पगार शेजारच्यापेक्षा जास्त, तरी माणसं का टिकत नाहीत?

प्रश्न वाचकांचे : मनुष्यबळ आणि कामाचं समाधान

एचआर विभागाच्या रोजच्या कामाचा कर्मचाऱ्यांच्या समाधानावर नेमका कुठे आणि कसा परिणाम होतो, याबद्दल वाचकांनी प्रश्न पाठवले होते. एकाच विषयाची पत्रं एकत्र करून त्यांतल्या पाच प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : चाकण परिसरात आमचं सीएनसी मशीनिंगचं (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी धातूचे भाग बनवायचं) युनिट आहे, 140 माणसं. आजूबाजूच्या युनिटपेक्षा आम्ही महिन्याला हजार-दीड हजार रुपये जास्त देतो. तरी नवे ऑपरेटर तीन-चार महिन्यांत निघून जातात. विचारलं तर सगळे ‘घरगुती कारण’ सांगतात. पगार आणखी वाढवावा का?

पगाराला आत्ता हात लावू नका. आधी गेल्या 12 महिन्यांत सोडून गेलेल्यांची यादी काढा. प्रत्येकाच्या नावापुढे रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, लाईन, सुपरवायझर, पाळी, कंपनीचा की ठेकेदाराचा, आणि शेवटच्या महिन्यातले ओटीचे (ओव्हरटाइमचे) तास लिहा. तुमच्या आकाराच्या युनिटमध्ये हे काम एका दुपारचं आहे. मग हीच यादी आधी सुपरवायझरप्रमाणे आणि नंतर नोकरीच्या कालावधीप्रमाणे लावून पाहा.

पहिल्या 30 दिवसांत गेलेला माणूस बहुतेक वेळा भरतीच्या वेळी सांगितलेलं आणि प्रत्यक्षातलं काम यांत फरक पडला म्हणून जातो. ‘व्हीएमसीवर (एक प्रकारचं सीएनसी मशीन) सेटिंग शिकायला मिळेल’ असं सांगून आणलेला मुलगा महिनाभर डिबरिंगवर, म्हणजे तयार भागांच्या कडा घासायला बसला, तर त्याला तुमच्या हजार रुपयांचं आकर्षण उरत नाही. एक ते चार महिन्यांत जाणाऱ्यांच्या मागे सहसा सुपरवायझर, पाळी किंवा ओटीचा हिशेब असतो. दोन-तीन वर्षं काढून जाणाऱ्याला पुढची पायरी दिसत नसते. तुमची गळती मधल्या गटातली आहे, म्हणून शोध तिथेच घ्या.

‘घरगुती कारण’ या उत्तरावर विसंबू नका. माणूस ते उत्तर देतो तेव्हा त्याचा शेवटचा हिशेब आणि रिलिव्हिंग लेटर तुमच्याच टेबलावर अडकलेलं असतं. अशा वेळी कोण खरं बोलेल? हिशेब पूर्ण झाल्यावर सहा-आठ आठवड्यांनी, त्याच्या सुपरवायझरशी संबंध नसलेल्या माणसाने फोन करावा आणि तीनच प्रश्न विचारावेत : सोडायचा विचार पहिल्यांदा कधी आला? त्या आठवड्यात काय घडलं होतं? कोणती गोष्ट बदलली असती तर थांबला असता? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत कामाचं असतं.

हिशेबाचंच निघालं म्हणून : 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार (वेतनाबद्दलचा नवा केंद्रीय कायदा) राजीनामा दिलेल्या माणसाचं वेतनही दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं आहे. गेलेल्याचे पैसे दीड महिना अडवले, तर ते आत काम करणाऱ्या त्याच्या रूममेटला त्याच संध्याकाळी कळतं.

आता पगाराची स्लिप हातात घ्या. समजा ऑपरेटरचं बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 15,600 रुपये आहे. 26 दिवसांनी भागलं की दिवसाचे 600, आठ तासांनी भागलं की तासाचे 75. ओटी कायद्याने दुप्पट, म्हणजे तासाला 150. पाळी तीनला सुटते, पण पुढच्या पाळीचा माणूस येऊन मशीन ताब्यात घेईपर्यंत, ऑफसेट (हत्याराच्या मापाची मशीनमधली दुरुस्ती) सांगून होईपर्यंत तीन वाजून वीस मिनिटं होतात. पंचिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘30 मिनिटांखालचा जादा वेळ धरू नये’ अशी सेटिंग असते. रोजची 20 मिनिटं, 26 दिवस : 520 मिनिटं, म्हणजे 8 तास 40 मिनिटं. ओटीच्या दराने 1,300 रुपये. शेजारच्यापेक्षा जास्त दिलेले हजार-दीड हजार तुमच्याच टाइम ऑफिसमधून परत गेले! कामगार हे तोंडाने बोलत नाही, पण त्याने ते मोबाइलवर मोजलेलं असतं.

यावर उपाय दोन. पाळ्या 15 मिनिटांनी एकमेकींवर चढवा आणि तो वेळ कामाचाच धरा, किंवा ओटी मिनिटावर मोजा. स्लिपवर ‘इतर कमाई’ असा एकच आकडा न टाकता ओटीचे तास, दर आणि रक्कम वेगवेगळी छापा. ओटी काढताना डीए सोडून नुसत्या बेसिकची दुप्पट धरलेली नाही ना, हेही तपासा, कारण ही चूक फार ठिकाणी होते. आणि पगार होण्याच्या दोन दिवस आधी प्रत्येकाला त्याची हजेरी व ओटीचे तास व्हॉट्सॲपवर किंवा नोटीस बोर्डावर दिसू द्या. चूक पगाराआधी सुधारली तर ती दुरुस्ती ठरते; पगारानंतर सुधारली की तिचं भांडण होतं.

राहिला सुपरवायझर. लघुउद्योगात उत्तम ऑपरेटरला बढती देऊन सुपरवायझर करतात आणि माणसं कशी सांभाळायची हे कुणीच शिकवत नाही. मग तो रिजेक्शन झालं की लाईनवर सगळ्यांसमोर ओरडतो. त्याला दोनच गोष्टी नीट शिकवा : चूक बाजूला नेऊन, मोजमाप दाखवून सांगायची, आणि रजा नाकारायची असेल तर त्याच दिवशी, कारणासह. नव्या माणसाशी 7 व्या, 30 व्या आणि 60 व्या दिवशी एचआरने दहा मिनिटं बोलावं. बूट मापाचे मिळाले का, बँकेत पहिला पगार आला का, युएएन (पीएफचा) आणि ईएसआयसी (कामगार विम्याचा) नंबर हातात आहे का, काम कोण शिकवतंय, हे विचारायचं आणि उत्तर लिहून ठेवायचं. एवढं तीन महिने करून मग पुन्हा यादी काढा. पगारवाढीचा विचार त्यानंतर.

प्रश्न : साताऱ्यातल्या कंपनीत मी एचआर अधिकारी आहे. नव्या संहितेप्रमाणे पगाराची मांडणी बदलल्यावर काहींच्या हातातली रक्कम कमी झाली. पगाराच्या दिवशी मोठी नाराजी झाली. आम्ही तर कायदाच पाळला. आता काय करावं?

कायदा पाळलात हे बरोबर. पण तो स्लिपवर आकडा बदलल्यानंतर सांगितलात, तिथे अडलं.

याबद्दल एक अभ्यास प्रत्येक एचआर अधिकाऱ्याला माहीत असावा. संशोधक जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात अमेरिकेतल्या एकाच कंपनीचे कारखाने होते. दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी 15 टक्के पगारकपात झाली. एका ठिकाणी व्यवस्थापनाने कपातीचं कारण आकड्यांसह, खेद व्यक्त करून, प्रश्नांना उत्तरं देत समजावलं. दुसऱ्या ठिकाणी थोडक्यात घोषणा करून विषय संपवला. तिसऱ्या कारखान्यात कपात नव्हती. कपातीच्या काळात मालाची चोरी दोन्हीकडे वाढली, पण जिथे नीट सांगितलं होतं तिथे ती बरीच कमी राहिली. कपात दोन्हीकडे सारखीच होती. फरक पडला तो सांगण्याच्या पद्धतीमुळे.

तुमच्याकडे काय सांगायचं ते एका कागदावर मांडता येईल. समजा एकूण पगार 40,000, त्यात बेसिक आणि डीए 16,000. संहितेतल्या वेतनाच्या नव्या व्याख्येनुसार वेतनात न धरले जाणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले, तर वरचा भाग वेतनातच मोजायचा. म्हणजे वेतन 20,000 धरलं जाईल. तुमच्याकडे पीएफ पूर्ण वेतनावर कापत असाल, तर 12 टक्क्यांनी 1,920 ऐवजी 2,400 कापले जातील आणि हातात 480 रुपये कमी येतील. ते 480 त्याच्याच पीएफ खात्यात गेले आहेत. कंपनीचा वाटाही तेवढाच वाढतो. मात्र तो वाढीव वाटा तुम्ही एकूण पॅकेजमधूनच वळता केला असेल, तर हातातली घट 960 होते. असं केलं असेल तर ते लपवू नका. नाराजीचं मूळ बहुधा इथेच आहे.

ग्रॅच्युइटीचाही हिशेब दाखवा. सूत्र शेवटचं वेतन गुणिले 15 भागिले 26, गुणिले सेवेची वर्षं. 16,000 वर वर्षाला 9,231 रुपये होतात, 20,000 वर 11,538. दहा वर्षांच्या सेवेला सुमारे 23,000 रुपयांचा फरक पडतो. आणि ज्यांचा पीएफ आधीपासून 15,000 रुपये वेतनाच्या मर्यादेवरच, म्हणजे 1,800 रुपये कापला जातो, त्यांच्या हातातल्या रकमेत पीएफमुळे फरक पडायलाच नको. पडला असेल तर पेरोलची सेटिंग चुकली आहे. आधी ती शोधा आणि फरक याच महिन्यात परत द्या.

हे सगळं ई-मेलने पाठवू नका. 20-25 जणांच्या गटाने, पाळी सुटायच्या आधी अर्धा तास घेऊन, कामाच्या वेळेतच सांगा. प्रत्येकाच्या हातात त्याची स्वतःची जुनी आणि नवी स्लिप द्या. प्लांट हेड उभा राहून बोलला पाहिजे. एकट्या एचआरने सांगितलेलं लोकांना ‘वरून आलेलं’ वाटतं.

प्रश्न : आम्ही दर वर्षी समाधान सर्वेक्षण करतो. गुण पाचपैकी 3.5 च्या आसपास येतात. संचालक म्हणतात, ठीक आहे. पण लोक ठीक नाहीत हे आम्हाला दिसतं. चुकतंय कुठे?

सरासरीत. निम्म्या लोकांनी 5 दिले आणि निम्म्यांनी 2, तरी सरासरी 3.5 येते. ऑफिसचा स्टाफ खूश आणि शॉप फ्लोअर (मशीनवरचे कामगार) नाराज, असं चित्र त्या एका आकड्यात दिसतच नाही. निकाल विभाग, पाळी आणि सेवेच्या वर्षांप्रमाणे फोडा. आणि सरासरी सोडून 1 किंवा 2 देणाऱ्यांची टक्केवारी पाहा.

दुसरं, ‘तुम्ही कंपनीत समाधानी आहात का?’ या एका प्रश्नातून काही हाती लागत नाही. स्मिथ, केंडॉल आणि ह्युलिन या संशोधकांनी 1969 मध्ये मांडलेल्या मोजपट्टीत समाधानाचे पाच वेगळे भाग केले होते : काम, पगार, बढती, वरिष्ठ आणि सहकारी. आजही हीच विभागणी सर्वांत उपयोगी आहे, कारण माणूस कामावर खूश आणि वरिष्ठावर वैतागलेला असू शकतो. प्रत्येक भागाला चार-पाच वाक्यं, एकूण 20-25. एका वाक्यात एकच गोष्ट हवी. ‘पगार व सुविधा समाधानकारक आहेत’ याला माणूस उत्तर कशाचं देणार? ‘माझे सुपरवायझर रजेच्या अर्जाला दोन दिवसांत उत्तर देतात’ हे वाक्य चांगलं, कारण त्यावर पुढे काही करता येतं. मराठी आणि हिंदी दोन्ही फॉर्म ठेवा, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी बाहेरचा माणूस आणा.

आता विश्वासाबद्दल. फॉर्मवर टोकन नंबर मागितला, किंवा विभाग, वय आणि लिंग तिन्ही विचारलं, की क्वालिटीमधल्या एकुलत्या एका बाईंना कळतं की आपलं उत्तर ओळखू येणार. आठपेक्षा कमी माणसांच्या गटाचा निकाल वेगळा दाखवायचा नाही, असा नियम करा आणि तो फॉर्मच्या वरच छापा. सुपरवायझर खोलीत नको. इन्क्रिमेंटच्या किंवा बोनसच्या महिन्यात सर्वेक्षण नको. तेव्हा सगळी उत्तरं त्या एका पत्राला दिलेली असतात.

आणि निकाल तीन आठवड्यांत फलकावर लागला पाहिजे, वाईट आकड्यांसह. त्यातले दोन प्रश्न निवडा, जास्त नको, आणि 45 दिवसांत डोळ्यांना दिसेल असा बदल करा. काहीच न बदलता दुसऱ्या वर्षी तोच फॉर्म दिला, तर लोक न वाचता सगळीकडे 4 वर खूण करतात. तुमचा 3.5 असाही आलेला असू शकतो. एवढं करायची तयारी नसेल तर सर्वेक्षण न केलेलं बरं.

संचालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगा. समाधान वाढलं की उत्पादन त्याच प्रमाणात वाढतं, असं नाही. 2001 मधल्या संशोधक टिमोथी जज आणि सहकाऱ्यांच्या मोठ्या एकत्रित विश्लेषणात दोन्हींमधला सहसंबंध (0 म्हणजे संबंधच नाही, 1 म्हणजे पूर्ण संबंध) 0.30 च्या आसपास निघाला. संबंध आहे, पण मध्यम. गैरहजेरी आणि गळतीचे आकडे सोबत ठेवा, म्हणजे सर्वेक्षणाचा अर्थ नीट लागेल.

प्रश्न : मी नाशिकच्या खासगी रुग्णालयात वॉर्ड इन्चार्ज आहे. सिस्टर्सची सगळी नाराजी ड्युटी लिस्टवरून असते. दर वर्षी नर्सेस डे साजरा होतो, भेटवस्तू मिळतात. पण महिन्याभरात पुन्हा राजीनामे येतात.

भेटवस्तू जरूर द्या, त्यात वाईट काही नाही. पण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 मध्ये पिट्सबर्ग भागातल्या सुमारे 200 अभियंते आणि लेखापालांशी बोलून जे मांडलं, ते तुमच्या वॉर्डाला लागू पडतं : ज्या गोष्टींनी माणूस नाराज होतो आणि ज्यांनी खूश होतो, त्या बऱ्याच अंशी वेगळ्या असतात. कामाच्या वेळा, वरिष्ठांची वागणूक, नियम, पगार यांत खोट असेल तर नाराजी येते आणि कौतुकाने ती भरून निघत नाही. या सिद्धांतावर टीकाही झाली आहे, कारण माणूस यशाचं श्रेय स्वतःला आणि दोष परिस्थितीला देतो, त्यामुळे उत्तरं तशी विभागली जाणं साहजिक आहे. तरी कुठून सुरुवात करावी हे ठरवायला तो पुरेसा आहे. सुरुवात लिस्टपासून करा.

लिस्ट निदान 14 दिवस आधी लागू द्या. पाळीचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा ठेवा. रात्रीवरून दुपार, दुपारवरून सकाळ असा उलटा क्रम शरीराला जड जातो. दुपारपाळी करून रात्री नऊला सुटलेल्या सिस्टरला दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बोलावू नका. घरी जाणं-येणं आणि जेवण वजा करता तिला पाच-सहा तास झोप मिळते, आणि इंजेक्शनच्या डोसातल्या चुकांची सुरुवात तिथे होते. सलग रात्री शक्यतो तीनपेक्षा जास्त नकोत. रात्रपाळी संपते त्या दिवसाची सुट्टी साप्ताहिक सुट्टीत धरू नका. तो दिवस झोपण्यात जातो, आणि सर्वांत जास्त रोष याच हिशेबाचा असतो.

आपसांत ड्युटी बदलायची सोपी सोय द्या : दोघी एकाच दर्जाच्या, 24 तास आधी वहीत दोघींच्या सह्या, इन्चार्जची सही, बस. मेट्रनच्या ऑफिसात चकरा नकोत. सणांच्या रजांची वेगळी वही ठेवा. गेल्या वर्षी गणपतीत कुणाला मिळाली, दिवाळीत कुणाला, ईद आणि नाताळ कुणाला, हे सगळ्यांना दिसू द्या. नकार पचतो, पण लक्ष्मीपूजनाला दर वर्षी त्याच दोघींना रजा मिळते असं वाटलं, की उरलेल्या दहा जणी मनाने बाहेर पडलेल्या असतात. अचानक गैरहजेरीसाठी दर पाळीला एक राखीव सिस्टर लागते. ती नसेल तर कितीही चांगली लिस्ट आठवड्यात मोडते, आणि ही मागणी तुम्ही व्यवस्थापनाकडे आकड्यांसह केली पाहिजे : गेल्या तीन महिन्यांत किती वेळा डबल ड्युटी करावी लागली, तारखांसह.

प्रश्न : पुण्यातल्या आयटी कंपनीत माझ्या टीममध्ये पाच जण आहेत. पाचही चांगले. पण बेल कर्व्हमुळे, म्हणजे ठरावीक टक्के लोकांना वरचं, मधलं आणि खालचं रेटिंग द्यायच्या सक्तीमुळे, एकाला खालचं रेटिंग द्यायला सांगतात. मी त्याला काय सांगू?

आधी वर सांगा. बेल कर्व्ह हे मोठ्या संख्येचं गणित आहे. पाच जणांत ते बसवणं चूक आहे. मायक्रोसॉफ्टनेही सक्तीच्या क्रमवारीची पद्धत 2013 मध्ये बंद केली. त्या पद्धतीत माणसं शेजारच्याला मदत करणं थांबवतात, कारण त्याचं रेटिंग वाढलं तर आपलं घटतं. तुमच्या कंपनीत बेल कर्व्हचा वक्र ठेवायचाच असेल, तर तो निदान 40-50 जणांच्या एकत्रित गटावर लावावा आणि मॅनेजरांनी एकत्र बसून कामाच्या पुराव्यावर रेटिंग ठरवावं, अशी लेखी मागणी करा. पुरावा तुमच्याकडे हवा : प्रत्येकाच्या कामाची दर महिन्याला चार ओळींची नोंद. ती नसली की मार्चमध्ये शेवटच्या दोन महिन्यांचंच काम आठवतं.

तरीही खालचं रेटिंग द्यावं लागलं, तर ‘तुझं काम कमी पडलं’ असं खोटं कारण देऊ नका. तो ते दुसऱ्याच दिवशी ताडून पाहतो आणि तुमच्यावरचा विश्वास कायमचा जातो. कोणत्या निकषावर तुलना झाली, तुम्ही कोणती बाजू मांडली आणि फेरविचाराचा अर्ज कुणाकडे, किती दिवसांत करायचा, हे सांगा. पैशांची चर्चा आणि सुधारणेची चर्चा एकाच बैठकीत उरकू नका. 1965 मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधल्या अभ्यासातून मेयर, के आणि फ्रेंच या तीन संशोधकांनी हेच दाखवलं होतं : पगार ठरत असताना केलेली टीका माणूस ऐकून घेत नाही, तो बचाव करत राहतो. इन्क्रिमेंटचं पत्र झाल्यावर तीन-चार आठवडे जाऊ द्या. मग पुढच्या सहा महिन्यांत त्याला कोणतं काम स्वतंत्रपणे हाताळायचं आहे, यावर बसा. त्या बैठकीत निम्म्याहून अधिक वेळ त्याला बोलू द्या, आणि ठरलेलं काम त्याच आठवड्यात त्याच्या नावावर करा.